ताईचं दुखणं

ताईच्या कादंबरीतली नायिका बाराव्या पानावर पहिल्यांदा कंबरदुखीने कळवळते आणि तेराव्या पानावर तिला हिरो भेटतो. मी नऊ वर्षं कळवळतेय, मला अजून बसमध्ये कुणी उठून जागासुद्धा दिलेली नाही. हिरो म्हणे घड्याळं दुरुस्त करतो, पण अख्ख्या पुस्तकात एका घड्याळाला हात लावत नाही. त्याचा सगळा वेळ नायिकेला जिन्यावरून उचलून नेण्यात जातो. कमरेचं एवढं आहे तर बाई तिसऱ्या मजल्यावर कशाला राहते, तळमजल्यावर खोली घे की, हे तिला कुणी विचारत नाही. शेवटी तो लग्नाचं विचारतो, ती हो म्हणते आणि त्या पानापासून तिची कंबर दुखायची थांबते. हे वाचून लोक रडतात. मीही रडले, पण माझं कारण निराळं होतं.

आधी माझं सांगते. मी शर्टांच्या कारखान्यात फिनिशिंगला आहे. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना बायका. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, सुटे धागे कापायचे, काजं तपासायची, कुठे तेलाचा डाग आहे का बघायचं आणि पुढे सरकवायचा. तासाला साठ शर्ट. आणि हे सगळं उभ्याने, कारण बसलेल्या बाईचा हात मंद चालतो असं आमच्या मालकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. बसून काम करायचं असेल तर कंपनीच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. मग एक खुर्ची मिळते, तिच्या पाठीवर नंबर रंगवलेला असतो आणि तोच नंबर आपल्या हजेरीकार्डावर चढतो. आमच्या हॉलमध्ये शंभरेक बायका आणि खुर्च्या चार. मला पाचवी हवी होती. बाकी काही नको, हिरो तर मुळीच नको.

सुपरवायझर माणूस वाईट नाही, पण त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलंय. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू तासाला चाळीसवर आलीयस. महिनाअखेरपर्यंत चिठ्ठी आण, तुला बसवतो. चिठ्ठी नसेल तर मला तुझ्याकडून राजीनामा लिहून घ्यावा लागेल. मला ओरडा खायला लावू नकोस."

माझं दुखणं कमरेच्या डाव्या बाजूला सुरू होतं आणि मांडीच्या मागून घोट्यापर्यंत जातं. एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही. तीनदा काढले, तिन्ही वेळा काचेसारखे स्वच्छ. नवरा होता तेव्हा तो "आलं का परत तुझं?" म्हणायचा, जसं काही मी कुणा नातेवाइकाला राहायला बोलावलंय. आता तो दुसरीकडे नांदतोय, तिथेही कुणाला तरी हेच म्हणत असेल. व्यायाम शिकवणारी एक बाई दवाखान्यात यायची, ती तेवढी शहाणी होती. ती म्हणाली, "फोटोत दिसत नाही ना, मग लिहून ठेवा. रोज किती वाजता, कुठे, कसं, आपल्या शब्दांत. पुढेमागे कुणी विश्वास ठेवला नाही तर तीच वही दाखवायची."

वही आणली. पण आठवडाभर कात्री चालवून माझी बोटं अशी आखडायची की पेन धरवत नसे. तेव्हा ताई म्हणाली, "तू सांग, मी लिहिते. मला काय, लिहायचीच सवय." ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वीस वर्षं कादंबऱ्या लिहीत होती, पण त्या खपत नव्हत्या. घरात तिच्या न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे होते, भावोजी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे.

दर रविवारी दुपारी ताई यायची. मला पलंगावर आडवं करायची, पायाखाली उशी सरकवायची, चहा स्वतः टाकायची आणि वही उघडून बसायची. "हं, बोल. कसं दुखलं या आठवड्यात?"

मी पहिल्यांदा म्हणाले, "खूप."

"खूप म्हणजे काही नाही गं. कुणालाही खूप दुखतं. कसं ते सांग."

मग मी शोधायला लागले. आठवडाभर टेबलाशी उभी राहून मी शब्द जुळवायचे, रविवारी ताईला काय सांगायचं म्हणून. मी सांगितलं की कमरेत कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय आणि पाणी घोट्यात साचतंय. मी सांगितलं की संध्याकाळपर्यंत हा पाय माझा राहत नाही, उसना आणलेला होतो, आणि मालक दारात उभा राहून परत मागतोय. मी सांगितलं की दुखायचं थांबलं की जास्त धास्ती वाटते, लहान पोर खेळता खेळता एकदम गप्प झालं की वाटते तशी. ताई पेन थांबवून माझ्याकडे बघायची. "कसलं बोलतेस गं तू," म्हणायची. शाळेत मला कधी कुणी असं म्हटलं नव्हतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दुखणं असं कुणी मन लावून ऐकून घेतं म्हटल्यावर माणूस आणखी सांगत जातं. दीड वर्षात तीन वह्या भरल्या, तिन्ही ताईच्या वळणदार अक्षरात.

मग कादंबरी आली. पहिली प्रत भावोजींनी स्वतः आणून दिली, पेढे द्यावेत तशा थाटात. मी त्याच दिवशी वाचायला घेतली. बाराव्या पानावर ओला टॉवेल. बत्तिसाव्या पानावर उसना पाय. एकशे चारवर गप्प झालेलं पोर, आणि ते वाक्य हिरोच्या तोंडी घातलेलं, त्या मेल्याला तर कधी साधा ताप आल्याचंही पुस्तकात नाही. मी मोजलं नाही, पण मला वाटतं नायिकेचं नाव आणि केस सोडले तर सगळं माझंच होतं.

राग आला का? आला. पण आधी अभिमान वाटला, आणि याचीच मला आता जास्त चीड येते. मी कारखान्यात शेजारणीला सांगितलं, "माझ्या ताईने लिहिलंय." माझी वाक्यं आहेत हे सांगितलं नाही. म्हटलं, वीस वर्षांनी बिचारीचं काहीतरी चाललंय, आपल्या दोन वाक्यांनी तिचं भलं होत असेल तर होऊ दे. ताईने एकदा फोनवर म्हटलंही, "तुझं थोडं वापरलंय हं, रागावू नकोस." थोडं. मी म्हटलं, "वापर की."

पुस्तक धडाक्यात खपलं. ताईच्या मुलाखती यायला लागल्या. एकीत तिला विचारलं, एवढं खरं दुखणं तुम्ही कसं लिहिलंत? ती थोडा वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, "जगल्याशिवाय असं लिहिता येत नाही." आम्हा सगळ्यांत ताईची तब्येत ठणठणीत. पन्नाशी जवळ आली तरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं आणि स्वतःला समजावलं की मनाने जगली असं म्हणत असेल. मी किती मूर्ख असू शकते याला काही सीमा नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तिन्ही वह्या पिशवीत घालून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले. खोलीत एक तपासायचा पलंग, वजनकाटा आणि भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र. डॉक्टर साठीचे, सभ्य, आवाज मऊ. त्यांनी मला वाकायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, हातोडीने गुडघे ठोकले. मग फोटो बघितले आणि म्हणाले, "इथे तर काही नाही." मी वह्या पुढे केल्या.

त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि हसले. छद्मी नव्हे, थकलेलं हसू. टेबलाचा खण उघडून त्यांनी ताईचं पुस्तक काढलं. "माझ्या बायकोने वाचायला दिलंय," ते म्हणाले. "या तीन महिन्यांत ओला टॉवेल घेऊन माझ्याकडे चार जणी आल्या. तुम्ही पाचव्या. पण तीन वह्या भरून उतरवून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"उतरवून नाही हो. आधी वही झाली, मग पुस्तक. तारखा बघा."

"तारीख काय, आज बसून कुठलीही घालता येते."

"लेखिका माझी सख्खी बहीण आहे. तिने माझ्याकडून ऐकून लिहिलंय. हे अक्षर तिचंच आहे."

म्हणताना मला वाटलं, आता हुकमी पान टाकलं. डॉक्टरांनी वही मिटली. "म्हणजे हे तुमचं अक्षरही नाही. तुमच्या लेखिका बहिणीने तुमच्यासाठी एक वही लिहून दिलीय, असंच ना?" त्यांचा आवाज अजून मऊच होता. "बाई, मी वाईट माणूस नाही. मला एका खुर्चीची शिफारस करायची तर वर कारण द्यावं लागतं. तुमच्या बहिणीने सहीनिशी लिहून दिलं की हे शब्द तुमचे, तर मी विचार करीन. पुढच्या सोमवारी या. तो महिन्याचा शेवटचा वार आहे माझा." वही तिनेच लिहायला सांगितली अशी साक्ष देईल म्हणून मी व्यायाम शिकवणाऱ्या बाईचा पत्ता काढायचा प्रयत्न केला, तर ती वर्षापूर्वीच नोकरी सोडून गाव बदलून गेलेली.

मी ताईला फोन केला. भावोजींनी घेतला. "ती पडलीय जरा. कंबर धरलीय तिची."

"कुणाची कंबर?"

"अगं, तिलाही आताशा होतं. फार फिरावं लागतं ना."

मंगळवारी कंबर, बुधवारी मुलाखत, गुरुवारी पुन्हा कंबर. घरी गेले तर दाराला कुलूप. शुक्रवारी भावोजी म्हणाले, "शनिवारी पुस्तकांच्या दुकानात सह्यांचा कार्यक्रम आहे, तिथेच भेट ना. रांग असेल, पण तू घरचीच." मी कारखान्यातल्या एका शिकलेल्या मुलीकडून ताईच्या नावाने दोन ओळी टाइप करून घेतल्या. वहीतले शब्द माझ्या धाकट्या बहिणीचे आहेत, मी ते तिच्या तोंडून ऐकून लिहून घेतले. खाली सहीची जागा. कागद घडी पडू नये म्हणून पुस्तकातच ठेवला.

घरची असले तरी रांगेतच उभं केलं. दुकानातल्या पोरीला मी सांगितलं की मी सख्खी बहीण, तर ती म्हणाली, "आज सगळ्याच म्हणताहेत." दीड तास उभी होते. पुढे साठ-सत्तर बायका, मागे तेवढ्याच. अर्ध्या तासाने घोटा गेला, तासाने मांडी. मी पुस्तकांच्या कपाटाला टेकले तर ती पोरगी म्हणाली, "टेकू नका, पुस्तकं पडतील." मी सरळ उभी राहिले. नऊ वर्षांची सवय आहे, बाहेरून काही कळत नाही.

टेबलाजवळ पोचले तेव्हा दिसलं. ताईच्या पाठीला उशी, पायाखाली छोटं स्टूल, आणि खुर्चीला टेकवून ठेवलेली काठी. नवी कोरी काठी, मुठीला नक्षी.

"तू कशाला आलीस एवढ्या गर्दीत?" ताई म्हणाली आणि मागच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही माझी धाकटी. फार जीव आहे तिचा माझ्यावर." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या.

मी पुस्तकातून कागद काढून पुढे ठेवला. "सही कर."

तिने वाचलं. चेहरा तसाच ठेवून वाचलं, एवढी ती आता तयार झालीय. मग पुढे झुकून हळू आवाजात म्हणाली, "हे मला नाही करता यायचं."

"माझी नोकरी जाईल, ताई. सोमवारपर्यंतच वेळ आहे. कंपनीच्या डॉक्टरला एक सही हवीय, बाकी जगाला काही कळणार नाही."

"त्या डॉक्टरला बायको असेलच ना, तिला कळेल. तिच्यापासून चौघींना. तुला एक खुर्ची मिळेल आणि माझं सगळं जाईल. वीस वर्षं गं. तू बघितलंयस मी कशी काढली ती." तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "मी तुला घरी आरामखुर्ची घेऊन देते. दोन घेऊन देते."

"मी घरी शर्ट तपासते का?"

"हळू बोल."

माझी ती तिडीक कमरेतली होती की डोक्यातली, मला आजही सांगता येणार नाही. मी मोठ्याने विचारलं, "कुठे दुखतं तुझं? दाखव ना. डावीकडे की उजवीकडे? या सगळ्यांना बोट लावून दाखव."

भावोजी पुढे सरकले. ताईने हात पाठीमागे नेला आणि मधेच थांबली, कारण वहीत डावी होती की उजवी हे तिला आठवेना. मी ते स्पष्ट बघितलं. बघणारी मी एकटीच. बाकीच्यांना एवढंच दिसलं की एका आजारी बाईला हात पाठीशी नेणंही जमत नाहीय.

माझ्या मागे चष्मा लावलेली एक वयस्कर बाई होती. दीड तास आम्ही गप्पा मारल्या होत्या, तिने मला लिमलेटची गोळीही दिली होती. तिने माझा दंड धरला. "लाज नाही वाटत? दुखणाऱ्या माणसाकडे पुरावा मागायचा नसतो."

हे वाक्य पुस्तकात एकशे साठाव्या पानावर आहे. आणि त्याच्या आधी ते माझ्या खोलीत होतं. नवऱ्याबद्दल बोलताना मी ते रडत रडत म्हटलं होतं आणि ताईने मला जवळ घेऊन मग लिहिलं होतं.

"अहो, दुखतंय ते मला," मी म्हणाले.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही? दीड तास माझ्यापुढे खांबासारख्या उभ्या होतात. मी तीनदा खाली बसले, तुम्ही एकदाही नाही. आणि आता सख्ख्या बहिणीच्या दुखण्यावर डोळा? तुमचं कधी काही दुखलं असतं ना, तर असलं विचारायची जीभ झाली नसती तुमची."

रांगेतल्या सगळ्या बायका तिच्या बाजूने होत्या. आणि त्यांचं काय चुकत होतं? आयुष्यात पहिल्यांदा त्या न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवायला शिकल्या होत्या, आणि नुसत्या शिकल्या नव्हत्या, भांडायलाही उभ्या राहिल्या होत्या. मी नऊ वर्षं अशाच बायकांची वाट बघत होते. त्यांनी मला बाजूला केलं. कुणीतरी ताईसाठी पाणी मागवलं. ताईने माझं पुस्तक ओढून त्यावर सही केली, ते माझ्या हातात दिलं आणि माझा कागद उशीमागे सरकवला.

सोमवारी मी तशीच गेले. न जाऊन काय करणार? डॉक्टरांनी विचारलं, "आणलंत का?" मी नाही म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं. "बरं, वही राहू द्या, बहीण राहू द्या. मी कोरा फॉर्म घेतो. तुम्ही सांगा, मी लिहितो. मात्र पुस्तकातलं एक अक्षर नको. ते वाक्य मी खाली उतरवलं तर वरचे लोक मला हसतील. तुमच्या स्वतःच्या शब्दांत सांगा, कसं दुखतं?"

मी तोंड उघडलं. टॉवेल आला, तो गिळला. उसना पाय आला, तोही गिळला. मग मी खाली उतरत गेले, आणखी आत, जिथून मी रविवारी एकेक काढून आणायची तिथे, आणि जे जे हाताला लागलं त्याला पान नंबर होता. सुया होत्या त्या सदतीसवर. कमरेतला उंबरा होता तो नव्वदवर. दीड वर्षात मी ताईला काही शिल्लक ठेवून सांगितलंच नव्हतं. डॉक्टर फॉर्मवर पेन टेकवून थांबले होते.

"दुखतं," मी म्हणाले.

"हो, पण कसं?"

"खूप दुखतं."

"आणखी काही?"

मला आणखी काही आलं नाही. फार सभ्य माणूस, चिडले नाहीत. मग त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि सही करून तो माझ्याकडे फिरवला, म्हणजे मीही खाली सही करावी. वाचूनच सही केली. त्यात लिहिलं होतं, विशेष तक्रार सांगता आली नाही, उभ्याने काम करण्यास योग्य.